अंगठ्याएवढा खळगा

लाकडाचा तुकडा हाती लागला की माझी मावशी आधी तो हुंगते, त्यावर ओलं बोट फिरवते आणि विचारते, "काय रे, आधी कोण होतास तू?"

तुकडा कसला बोलतोय! पण मावशी त्याच्याकडून वदवून घेतेच. दाराचा असेल तर बिजागरीची खूण सापडते, खुर्चीचा असेल तर एक कड झिजलेली असते. ओळख पटल्याशिवाय ती करवतीला हात लावत नाही. मग त्याच भंगाराची कानातली, बांगड्या, पेंडंट होतात. जोडीला छत्रीची तार, सुटी बटणं, बंद घड्याळाची चाकं. टेबलाच्या एका टोकाला भाजी चिरायची, दुसऱ्या टोकाला लाकूड. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, तर म्हणतात, मी खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय मोजून घेतो, हिचा काय नेम?

लाकूड येतं ते खालच्या सुतारकाकांच्या दुकानातून. तिथल्या टाकाऊ तुकड्यांचं पोतं ते स्वतःच वर आणून देतात. अशाच एका पोत्यात तो काळपट तुकडा निघाला. दोन बोटं रुंद, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळता. जाड टोकाजवळ अंगठ्याएवढा उथळ खळगा होता, अगदी गुळगुळीत. खिळ्याचं भोक नाही, रंग नाही, सांधा नाही. मावशीच्या डोक्याला भुंगाच लागला. मी म्हटलं, ड्रॉवरची मूठ असेल. काकांच्या मते बुटाची टाच. मावशीनं दोघांनाही वेड्यात काढलं.

शेवटी मी सुचवलं की पॉलिशपेपरनं खळगा सपाट कर, छान चकाकेल.

"थांब, आधी कळू दे," ती म्हणाली. तिनं नुसतं वरच्या टोकाला भोक पाडलं, दोरा ओवला आणि तुकडा गळ्यात घातला. कोडं डोळ्यांसमोर राहिलं तर सुटेल, असा तिचा हिशेब. आमटी ढवळतानाही तिचा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसायचा. मलाही चैन पडेना.

अखेर सुतारकाकांनाच विचारावं म्हणून आम्ही दोघी खाली गेलो. दुकानात सगळी उलथापालथ झाली होती. सुतारकाका जमिनीवर बसून भुसा चाळत होते. मान वर न करताच त्यांनी सांगितलं, वडिलांच्या लाकूड तासायच्या रंध्याची पाचर हरवलीय. रंध्यात पातं घट्ट धरून ठेवते ती. धार लावायला पातं काढलं, पाचर बाकावर ठेवली आणि गेली कुठे कोण जाणे. नव्या करून पाहिल्या, पण एकही धरत नाही. तो रंधा आता पेटीत ठेवून द्यायचा, दुसरं काय.

मग त्यांनी मान वर केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा मावशीच्या गळ्यात होता.

मावशीचा चेहरा उतरला. तिनं दोरा सोडून पाचर त्यांच्या हातात दिली. "भाऊ, भोक पाडून बसले हो मी."

सुतारकाका भोकाकडे बघतच नव्हते. त्यांनी पाचर भीत भीत उलटी केली. खळगा दिसला तसा त्यांनी श्वास सोडला. पातं बसवताना वडील तिथे अंगठ्यानं दाबायचे, ते म्हणाले. हयातभर दाबलं, त्याचा हा खळगा.

"वहिनी, हे घासलं नाहीत?"

"काय आहे तेच कळलं नव्हतं. न कळलेलं कसं घासू?"

त्यांनी पातं लावलं, पाचर ठोकली आणि रंधा एका फळीवरून ओढला. लांब, पातळ साल वेटोळं घेत बाहेर आली. मग त्यांनी रंधाच मावशीपुढे धरला.

मावशीनं खळग्यात अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पदर सावरून हळूच म्हणाली, "अच्छा, तुम्ही होतात होय."