माळ्यावरची हाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलींना तर नाहीच. तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून जीभ उचलते आहे – तेही किती वर्षांनी!

साठ-एकसष्टची गोष्ट. हे डॉक्टरेटला जर्मनीत, आणि मी मागोमाग गेलेली. मॅट्रिकसुद्धा नाही झालेली. जर्मन शिकले ती बाजारात आणि जिन्यात. राहायला विद्यापीठाचं जुनं होस्टेल. मुळात तो नन्सचा मठ होता, चारशे वर्षांचा. लग्न झालेल्यांना तिथे खोली मिळत नसे. आम्हाला मिळाली ती फ्राऊ केलरच्या शब्दावर. ती तिथली घर सांभाळणारी बाई – साठीची, रुंद खांद्यांची, कमरेला चाव्यांचा जुडगा.

त्या घरात भूत होतं. म्हणजे – होतं असं सगळे मानत. करडी बाई म्हणत तिला, जुन्या काळची कुणी नन. ऑक्टोबर सरत आला की मुलं गुरांना घालतात ती मोठाली बिटं आणत, आतून कोरत, डोळे-तोंड पाडून मेणबत्ती ठेवत आणि जिन्याच्या पायरीपायरीवर मांडत. एक अमेरिकन मुलगा होता, तो म्हणे, आमच्याकडे ह्याला हॅलोविन म्हणतात, आम्ही भोपळा कोरतो. पोरं फ्राऊ केलरला चिडवायची, "तुमची करडी बाई दारानं येते की भिंतीतून?" ती म्हणायची, "दारानं. तुझ्यासारखी खिडकीतून नाही येत, पोरा!"

पण एक नोव्हेंबरला, त्यांच्या सर्व संतांच्या दिवशी, ती हसत नसे. त्या दिवशी माळ्यावर कुणी जायचं नाही. एरवी अख्ख्या होस्टेलचे कपडे तिथे वाळत, त्या दिवशी दोरीवर चिंधीसुद्धा नको. तो दिवस मेलेल्यांचा. युद्धात त्या माळ्यावर पोरंपोरी पहाऱ्याला ठेवत, आगीचे बॉम्ब पडले तर वाळू टाकायला. फ्राऊ केलरची मुलगी हाना एकोणीस वर्षांची. वर गेली ती खाली आलीच नाही.

हे मला ठाऊक होतं बरं का. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी सासऱ्यांचं श्राद्ध दोन नोव्हेंबरला आलं. सासूबाईंचं पत्र आलेलं – स्वयंपाक सोवळ्यातच व्हायला हवा. आता सोवळ्याची साडी वाळवायची कुठे? कुणाचा हात लागता कामा नये. आणि मला वाटलं, माळा! उद्यापर्यंत तिथे चिटपाखरू फिरकणार नाही. म्हणजे ज्या कारणासाठी जायचं नव्हतं, त्याच कारणासाठी मी गेले. सासूबाईंनी दिलेली, धुऊन धुऊन रंग उडालेली नऊवारी काठीनं उंच तुळईवर टाकली आणि वारा लागावा म्हणून खिडकी किलकिली करून ठेवली.

चार-साडेचारला अंधारून आलं. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. फ्राऊ केलर दरवर्षीसारखी अंगणात उभी, हातात मेणबत्ती, नजर माळ्याच्या खिडकीकडे. मी शेजारी. आणि – काय सांगू – खिडकीत ती हलली. फुगली, वळली, मागे सरली, पुन्हा काचेशी आली. माझीच साडी, मीच पिळलेली! तरी माझे हात आपोआप जोडले गेले. देवाशप्पथ, क्षणभर मलाही तिथे पोरगी दिसली.

फ्राऊ केलर ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आलीस होय." असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. देवळात नाही, बाळंतिणीच्या खोलीत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? चार शब्द – ती माझी साडी आहे. पण माळ्यावर गेल्याचं कळलं तर खोली जाईल, ही भीती. तिला हात देऊन उठवलं.

हे अर्धंच झालं. खरं पुढेच आहे.

त्या हिवाळ्यात तिचा भाऊ रेगेन्सबर्गहून तिला न्यायला आला. चांगला माणूस, घरात नातवंडं. तिनं नकार दिला. मला म्हणाली, "हानाला इथे एकटी टाकून कशी जाऊ?" मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

आणि पुढच्या वर्षी श्राद्धाची तिथी दहा-अकरा दिवस आधीच होऊन गेली होती. साडी धुवायचं काही कारण नव्हतं. तरी एक नोव्हेंबरला मी ती भिजवली, पिळली आणि वर जाऊन टाकली. मुद्दाम. त्याच तुळईवर. त्याच्या पुढच्या वर्षीही.

तिच्यासाठी केलं? असं मी स्वतःला सांगत असे. पण खोटं आता पुरे. त्या घरात मला कोण विचारत होतं? डॉक्टरसाहेबांची मुकी बायको मी. आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड – तो मी आणत होते. मला ते आवडलं होतं. अंगणात तिच्या शेजारी उभी राहून मी खिडकीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत असे.

मग ह्यांना न्युरेम्बर्गला नोकरी लागली. उन्हाळ्यात आम्ही सामान हलवलं. फ्राऊ केलरनं मला मिठी मारली, वाटेसाठी केक बांधून दिला. त्या वेळी आम्ही दोघीच होतो. बोलता आलं असतं.

डिसेंबरात तिचं पत्र आलं. जाड, गोल अक्षर. मला वाचता यावं म्हणून सुटं सुटं लिहिलेलं. 'या वर्षी हाना आली नाही. घंटा थांबल्यावरही मी बराच वेळ उभी होते. दुसऱ्या दिवशीही उभी राहिले. तुम्ही माझ्याबरोबर असायचात, म्हणून विचारते – माझ्याकडून काही चुकलं का?'

ह्यांनी विचारलं, "कुणाचं गं?" म्हटलं, "फ्राऊ केलरचं. नाताळाच्या शुभेच्छा."

तिच्या त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही.