खालांच्या नावावरची नोंद

खालांना कोणी काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याचे हात पाहत. नखं वाढलेली असली, बोटांना तंबाखूचा वास असला की बोलणं तिथेच थांबायचं. "पहिले साबन," एवढंच म्हणायच्या आणि शेडनेटच्या दाराशी ठेवलेल्या बादलीकडे बोट करायच्या. तंबाखूच्या हातांनी टोमॅटोच्या झाडाला रोग लागतो, हे शास्त्र आहे. खाला ते शास्त्र सगळ्यांना सारखंच लावत, ही त्यांची खासियत. एकदा बियाणं कंपनीचे एक बडे अधिकारी तीन गाड्या घेऊन पाहणीला आले. हार होता, नारळ होता, फोटो काढणारा होता. खालांनी हार घालू दिला, फोटो काढू दिला, आणि साहेब नेटमध्ये पाऊल टाकणार तोच विचारलं, "साब, गुटखा?" साहेबांनी नजर चुकवली. मग गळ्यात हार घातलेला तो माणूस बादलीपाशी उकिडवा बसून कोपरापर्यंत हात धूत होता आणि आम्ही सगळे शांतपणे पाहत होतो. समारंभांवर माझा विश्वास तसाही कमी आहे. इतका उपयुक्त समारंभ मात्र मी पुन्हा पाहिला नाही.

खाला म्हणजे मावशी, पण त्या नेमक्या कोणाच्या मावशी हे देऊळगाव राजात कोणी विचारत नसे. हिंदूंच्या सुनाही खालाच म्हणत. आमच्या त्या भागात हिरव्या जाळीच्या नेटमध्ये टोमॅटोचं संकरित बियाणं तयार करतात. मादी झाडाच्या कळीतला नराचा भाग आदल्या दिवशी चिमट्याने काढायचा आणि दुसऱ्या सकाळी नर झाडाच्या फुलांचे वाळवलेले पराग तिला लावायचे. परागांना सगळे पोलन म्हणतात. ही कामं करणाऱ्या बारा-चौदा बायकांच्या टोळीच्या खाला प्रमुख. हंगाम आला की शेतकरी आधी त्यांच्या दारात येत, कारण खालांच्या हातचं पोलन बसतं, असं सगळे मानत. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मराठी वाचायच्या, पण अक्षराखाली बोट फिरवत, एखादी कळी तपासावी तशा.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तो नोकरीमुळे. चिखलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवून झाल्यावर मला एका संस्थेत काम मिळालं आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर 'ज्ञान अभियंता' असं छापलं गेलं. संस्थेने शेतकऱ्यांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं देणारी एक बुद्धिमान प्रणाली बनवली होती आणि तिच्यात जाणत्या माणसांनी स्वतःच भर घालावी म्हणून एक साधनही. त्याचं नाव 'लोकज्ञान संपादन मंच'. असं नाव ठेवणाऱ्याला लोकांशी बोलायची सवय नसावी.

खालांनी ओळखपत्र हातात घेऊन बोट फिरवलं. "अभियंता म्हंजे इंजिनेर ना? मंग काय बांधता तुमी?"

"बांधत काही नाही खाला. तुम्हाला जे येतं ते मशीनला शिकवायचं."

"म्हंजे आमी मास्तर अन् मशीन पोट्टं."

"हो, तसंच."

"चुकलं तं कान पिरगाळता येते का त्याचा?"

तशी सोय अजून नाही, असं मी सांगितलं. "मंग कायची शिकवनी!" म्हणून टोळीतल्या बायका हसल्या. त्या दिवसापासून त्या साधनाचं नाव शिकवणी पडलं आणि मलाही ते मंचापेक्षा बरं वाटलं.

फोनच्या पडद्यावर चार कप्पे होते: 'जर', 'तर', 'खात्री किती टक्के' आणि 'माहिती देणाऱ्याचं नाव'. कप्पे भरले की मशीन तो नियम बातम्या वाचल्यासारखा मोठ्याने वाचून दाखवायचं. आपण 'हो' म्हणालो की तो जमा. मग तालुक्यात कोणीही प्रश्न विचारला की उत्तराबरोबर ते सांगणाऱ्याचं नावही ऐकू यायचं. टक्क्यांच्या कप्प्यापाशी खाला पहिल्याच दिवशी अडल्या. "शंभर म्हनलं तं अल्लामियाँ हसतीन, अन् पन्नास म्हनलं तं शेतकरी. ऐंशी ठेवा. वीस त्याच्या मर्जीचे." त्यांच्या सगळ्या नोंदी ऐंशी टक्क्यांच्याच आहेत. पुण्याच्या कार्यालयात यावर एक बैठक झाली म्हणतात.

खरी अडचण वेगळीच होती. खालांचं एकही वाक्य 'पन' आल्याशिवाय पुरं होत नसे. कळी अशी असली तर घ्या, पन सकाळी दव असलं तर नको. पाणी द्या, पन पोलन लावायच्या दिवशी नाही. आमच्या साधनात 'जर' होतं, 'तर' होतं, 'पण' नव्हतं. मी ते 'पन' कुठेतरी कोंबून बसवायचो. शंभरातले नव्वद बसले असतील. मला तेव्हा तो आकडा चांगला वाटे.

आभाळ भरून राहिलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. खाला नेटबाहेर बसून फुलं निवडत होत्या आणि मी पडद्यावर लिहीत होतो.

"ढग असले तं फुलं उन्हात वाळत नाहीत. मंग पिवळा बल्ब लावायचा, जुना, गरम होनारा. पन हातभर वर."

"हातभर म्हणजे किती सेंटिमीटर?"

त्यांनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात धरून दाखवला. "हे एवढं."

"खाला, तुमचा हात वेगळा, माझा वेगळा. मशीनला नक्की आकडा लागतो."

"ज्याच्या घरी बल्ब, त्याचा हात. त्यात काय इचारता?"

मी हसलो. एका एम. ए. झालेल्या माणसाने मोजमापाच्या शुद्धतेसाठी जितकं हसावं तितकं हसलो. अंतराचा कप्पा वेगळा उघडत होता आणि तो रिकामा ठेवला तरी चालत होता. उद्या टेप आणून मोजू, असं ठरवून मी तो रिकामा ठेवला. महिन्याच्या नोंदींचं लक्ष्य पुरं करायचं होतं. उद्या टेप आणायला मी विसरलो, आणि परवा विसरल्याचंही विसरलो. नियम जमा झाला: ढगाळ हवा असेल तर पोलन पिवळ्या बल्बखाली वाळवा. खात्री ऐंशी टक्के. माहिती: खाला.

शेजारच्या गावात शीलाताई नावाच्या बाईंनी त्या वर्षी पहिल्यांदाच नेट लावलं होतं. टोळी न बोलावता घरच्याच चौघींनी काम करायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी फोनला विचारलं, फोनने सांगितलं, त्यांनी ऐकलं. पोलन लवकर वाळावं म्हणून बल्ब चार बोटांवर टांगला. भाजलेलं पोलन दिसायला चांगल्या पोलनसारखंच पिवळं असतं. पाच दिवस त्यांनी ते कळीकळीला लावलं. मग फुलं गळायला लागली.

त्या खालांच्या दारात आल्या तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडी होती. मी नव्हतो, नंतर तीन जणींनी मला ते तीन आवाजांत ऐकवलं.

"मोबाइलमधी तुमचं नाव हाये खाला! मी तुमाले इचारलं अन् तुमी मले अर्धच सांगतलं."

"काय म्हनून राह्यली तू शीला? मी काऊन अर्ध सांगन?"

"तुमच्या बायका बोलावल्या नाहीत म्हनून! दुसरं काय?"

खालांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, हे तिन्ही आवाजांत सारखं होतं. दोन दिवसांत दोन शेतकऱ्यांचे निरोप आले: यंदा राहू द्या, घरीच भागवतो. चाळीस वर्षं ज्या नावावर लोक दारात येत होते, त्या नावाला आता लोक वळसा घालून जाऊ लागले. टोळीतल्या बायका हंगामात घरी बसल्या.

मला बोलावणं आलं. खाला म्हणाल्या, "ते बल्बचं वाचा." मशीनने वाचलं. त्या थांबल्या, पुढे काही येतं का पाहिलं. काही आलं नाही.

"हातभर कुठं गेलं सर?"

"माझ्याकडून राहिलं."

"माहं अर्ध बोलनं माह्या नावानं फिरवलं तुमी." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता जुनी नोंद खोडतो आणि बरोबर लिहितो. त्यांनी माझा हात धरला. "खोडू नका. शिलीनं परत ऐकलं अन् आता वेगळंच आलं, तं ते काय म्हनन? खालानं पलटी मारली. जे झालं ते लिव्हा."

जे झालं ते लिहायला कप्पा नव्हता. मी पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, "अहो, प्रणालीत चुका दिसणं बरं नाही. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे. नोंद काढून टाका, विषय संपवा." विषय संपवणं त्यांना चांगलं जमत असे. मी 'बरं' म्हणालो आणि नोंद काढली नाही. माझ्या आयुष्यातलं बंड एवढंच.

'तर' हा कप्पा कितीही अक्षरं घेतो, हे मला तेव्हा उपयोगी पडलं. त्यात जुन्या वाक्याखाली लिहिलं: बल्ब हातभर वर टांगा, हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, ज्याच्या घरी बल्ब त्याचा. हे अंतर खालांनी सांगितलं होतं. लिहायचं मी विसरलो, त्यामुळे एका शेतात पोलन जळालं. आणि खाली माझं पूर्ण नाव. मी भाषा शिकवत होतो, निबंध तपासत होतो, दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढत होतो. पण 'मी विसरलो' हे दोन शब्द सहीनिशी लिहिण्याची वेळ चाळिशीपर्यंत आली नव्हती. सोपे शब्द आहेत. अर्धा तास लागला.

मग खाला, त्यांची टोळी आणि मी शीलाताईंच्या नेटवर गेलो. मी फोन पुढे धरला. बातम्यांच्या निर्विकार आवाजात मशीनने माझा गुन्हा वाचला. शीलाताईंनी तो दोनदा ऐकला.

"तुमी विसरले, अन् पोलन माहं जळालं," त्या म्हणाल्या.

खाला तोवर नेटमध्ये शिरून ओळी पाहत होत्या. "अजून लई कळ्या येनार हायेत शीला. चिमटे बाहेर काढ." त्या वर्षी उरलेल्या कळ्यांवर त्यांच्या बायकांनी काम केलं. जमलं तेवढं वाचलं, सगळं नाही. शीलाताई माफीचा शब्द बोलल्या नाहीत. खालांनी त्याची वाटही पाहिली नाही. निरोप पाठवणारे दोघे शेतकरी मात्र आठवड्यात आपणहून परत आले. नोंद त्यांनीही ऐकली होती. बाजारात मला काही दिवस 'बल्बवाले सर' म्हणत, ते 'ज्ञान अभियंता'पेक्षा अचूक होतं.

पुढे साधनात एक नवा कप्पा आला, 'अपवाद व अनुभव' नावाचा. सादरीकरणात त्याचं फार कौतुक झालं. तो कोणामुळे आला हे सांगायचं राहून गेलं. राहून जाण्याचा माझा अनुभव दांडगा असल्याने मी कोणाला दोष देत नाही. मी आता उंद्रीपासून जानेफळपर्यंत लोकांना हे साधन शिकवत फिरतो. पहिल्या दिवशी त्यांना माझीच नोंद ऐकवतो. लोक हसतात, आणि मग आपल्या चुका सांगायला लागतात. माझ्या कामात जे काही धड आहे ते तिथून सुरू होतं, आणि ते खालांनी दिलेलं आहे.

खालांची नजर अधू होत गेली. कळी उद्या उमलणार की परवा, हे दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी स्वतःच चिमटा ठेवला आणि मुलीकडे जालन्याला राहायला गेल्या. जाताना कोणी निरोप समारंभ ठेवला नाही, हे त्यांचं नशीब.

मागच्या हंगामात माझ्या पडद्यावर त्या बल्बच्या नियमाखाली एक नवी नोंद आली. 'जर' रिकामं, 'तर' रिकामं. नव्या कप्प्यात फक्त एवढं: पोलन जळालं तेव्हा मी बल्ब किती खाली टांगला ते पाहिलं नाही, खालाच्या दारात जाऊन नाही ते बोलले. खालाचं सांगणं पुरं होतं. खाली शीलाताईंचं नाव. कार्यालयातून विचारणा आली की या नोंदीचा शेतीशी संबंध काय. संबंध आहे, असं मी कळवलं.

मग जालन्याला फोन लावला आणि नोंद वाचून दाखवली.

"परत वाचा," खाला म्हणाल्या.

मी परत वाचली.

"तिनं सोताच लिव्हलं?"

"हो, स्वतःच."

"यंदा पोलन बसलं का तिचं?"

"बसलं खाला. नेट भरलंय."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.