तपकिरी माती
पोस्टर रंगांची पेटी उघडली की तो आंबूस वास येतो आणि मला अकोल्यातली बालपुस्तकांची कार्यशाळा आठवते. तिसरी दुपार होती, कूलर गरम हवाच फेकत होता आणि शिकवून शिकवून माझा घसा बसला होता. तेल्हाऱ्याहून आलेल्या, भाजी पिकवणाऱ्या एका बाईंनी चित्रातलं वावर काळंभोर रंगवलं होतं. मी म्हणालो, “मुलांच्या पुस्तकात माती तपकिरी असते.” “कावून? आमच्या वावरात तं काळीच हाय,” त्या म्हणाल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी तपकिरी बाटली पुढे सरकवली. त्यांनी सगळं वावर तपकिरी केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मीही अंजनगावच्या काळ्या मातीतच वाढलो. उद्या अमरावतीत पुन्हा कार्यशाळा आहे; पेटीतली तपकिरी बाटली संपली आहे आणि काळी न उघडताच वाळून गेली आहे.