कानबाईची एकुलती एक सीडी

सुरतेत उधन्यापासून सचिन स्टेशनापर्यंत सीडी ही वस्तू खऱ्या अर्थानं कळलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या लग्नात सासऱ्यांनी ओळख करून दिली तेव्हा मी हात पुढे केला, तर यांनी आधी माझा तळवा निरखला. तो घामेजलेला होता. घरी या, गाणी ऐकवतो, म्हणाले, पण हात धुऊन.

दिवसभर लूमच्या खडखडाटात उभा राहणारा हा माणूस डिंडोलीच्या घरी आला की सीडी अशी उचलतो, जसं बाळंतिणीच्या कुशीतून बाळ घ्यावं. मी एकदा निष्काळजीपणे उचलली, तर आपल्या अहिराणी वळणानं म्हणाले, "कडले धरा. पोटले बोट लावू नका." पुसायची ती मधून बाहेर, सरळ; गोल फिरवून पुसतात ती ताटं. अख्खी सुरत पॉलिएस्टर विणते, आणि यांच्या सीडीला मात्र धुळ्याहून मागवलेल्या जुन्या सुती धोतराचाच तुकडा लागतो. तो खिशात असतो, पण त्यानं कपाळाचा घामसुद्धा पुसायचा नाही. रविवारच्या जुन्या बाजारात ते एकेक सीडी उन्हात तिरकी धरून इतका वेळ बघत बसतात, की विक्रेता एकदा वैतागून म्हणाला, "काका, लेवी छे के मोढुं जोवुं छे?" घ्यायची आहे की तोंड बघायचंय? यांनी शांतपणे सीडी उलटली. चकाकणारी बाजू सगळेच जपतात, त्यांचं म्हणणं, पण जीव असतो नाव लिहिलेल्या बाजूला. तिथला पापुद्रा गेला की गाणं गेलं.

ही सगळी तपश्चर्या मुळात एका सीडीसाठी. त्यांच्या आईनं, म्हणजे मायनं, गल्लीत म्हटलेली, खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी तिच्यात आहेत. माय गेली, आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. श्रावणात घरी कानबाई बसली की ती सीडी लागते. एका वर्षी ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पूजेतल्या सगळ्या वस्तूंबरोबर सीडीलाही हळदीकुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. जिच्यात देवीची गाणी, तिला कोरडी कशी ठेवायची? मग नवऱ्याची आठवण झाली आणि ताईंनी वाळलेलं कुंकू नखानं खरवडलं. चंदेरी पापुद्राही त्याबरोबर निघाला.

साडू आले, हात धुतले, सीडी उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. मग त्यांनी ती लावली. मायचा आवाज नीट चालला आणि एका ओळीत अडकला: माय... माय... माय... मग पुढे सरकला. ताई हमसून रडायला लागल्या. बोटाच्या ठशावरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस म्हणाला, "चालस ना. रडू नको." त्यांच्या पोरानं नंतर गाणी मोबाइलवर उतरवून घेतली, तर त्यातही ती अडखळ तशीच आली.

यंदा कानबाईपुढे त्यांची नात गायला बसली. गुजराती शाळेतली पोर, पाणीसुद्धा गुजरातीत मागते. हे गाणं मात्र सीडी ऐकून ऐकून पाठ झालेलं. त्या ओळीवर आली आणि नेमकी थांबत थांबत तीनदा म्हणाली: माय, माय, माय. बायका हसल्या. माझी बायको तिला सुधारायला पुढे झाली, तर साडूंनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मायनी तिले तसंच शिकाडं."

मग त्यांनी खिशातला धोतराचा तुकडा काढला, आणि पहिल्यांदाच तो स्वतःच्या डोळ्यांना लावला.