हळू बोलणाऱ्या नर्सअक्का

नर्सअक्का बोलायला लागल्या की बायका हातातल्या बांगड्याही वाजू देत नसत, इतका त्यांचा आवाज हलका. अर्धवट झोपेत कुणी आपलं नाव घ्यावं, तसा तो यायचा. धुळ्याजवळच्या आमच्या गावात ऐंशीच्या दशकात त्या सरकारी नर्स होत्या. उन्हाळ्यातल्या पांढऱ्या दुपारी त्यांची पांढरी साडी लांबून दिसायचीच नाही. एकदम अंगणातच उभ्या असायच्या.

त्याच आवाजात त्या गरोदर बायकांना नको ते प्रश्न विचारायच्या. "लघवीला जळजळ होते का गं? अंगात ताप? कळा नसताना पाणी गेलं, तर लगेच मला बोलवायचं." बायका पदर तोंडाला लावून हसत. अक्काही हसत, पण उत्तर मिळाल्याशिवाय जागच्या हलत नसत.

माझ्या वहिनीचं पाणी बाळंतपणाच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. लाजेने ती बोलली नाही. मुलगा झाला, देखणा. पण नुसता पडून असायचा, दूध प्यायलाही जागा व्हायचा नाही.

"पोऱ्या कितला गुनी शे, रडस बी नही," आई कौतुकाने म्हणाली.

बाळंतिणीला बघायला आलेल्या अक्कांनी दुपटं उघडून त्याच्या पायांना हात लावला. गार होते. "गुणी नाही हो, आजारी आहे. आत्ता धुळ्याला न्यायचं."

"आजून पाचवी नही व्हयनी!"

"पाचवी मागून करू. आधी बाळ जगू द्या."

ऊब मिळावी म्हणून त्यांनी वहिनीला बाळ उघड्या छातीशी धरायला लावून वर लुगडं गुंडाळलं. कापसाची शेतं मागे सरत होती आणि जीपमध्ये मी वहिनीला धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत. इंजेक्शनं सुरू झाली. मग एका दुपारी, सगळा वॉर्ड पेंगत असताना, बाळाने टाहो फोडला.

अक्का बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले, तर डोळे पुसत होत्या.

"माझी पहिली मुलगी अशीच शांत होती गं," त्या म्हणाल्या. "येईल त्याला मी सांगायची, किती शहाणी आहे म्हणून."

पुढे त्यांची बदली सातपुड्याच्या पायथ्याला झाली. पुन्हा भेट नाही.

वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात एका सकाळी तिचं अंग तापलं. तिने पोराला माझ्याकडे दिलं, चपला घातल्या आणि धुळ्याच्या बसकडे एकटीच निघाली.

"कोनले इचारी निंघनी?" आईने ओट्यावरून हाक मारली.

कधी उंबऱ्याबाहेर एकटी न गेलेली वहिनी थांबली नाही.