मुलुंड ते मनोरी, बाबांच्या वेगाने

मला कुठेही जायचं नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी बेल्जियमहून परत आल्यापासून मी दहा-दहा वाजेपर्यंत झोपत होते, उठल्यावर चहा पिऊन पुन्हा आडवी होत होते. आई चहा करून कामाला लागायची. बाबा मात्र रोज सकाळी खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. एका शुक्रवारी ते म्हणाले, "स्नेहल, उद्या मनोरीला जाऊया. सायकलने. तू जगभर चालवलीस, माझ्याबरोबर कधी चालवलीस सांग."

नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढीही माझ्यात नव्हती, म्हणून हो म्हटलं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी नऊ हिवाळे सायक्लोक्रॉस खेळले. ही चिखलातली, वाळूतली, पायऱ्यांवरची सायकल शर्यत. जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन धावायचं. साधारण पन्नास मिनिटांचा खेळ, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी जवळजवळ दर रविवारी. एक छोटी टीम मला सायकली, राहायला खोली आणि महिन्याचा खर्च भागेल एवढा पगार द्यायची. उन्हाळ्यात मी मुलुंडला येऊन एका सायकलच्या दुकानात काम करायची. माझा सगळ्यात चांगला नंबर सतरावा, तोही एका लहानशा गावातल्या शर्यतीत. टीव्हीवर मी आले ती फक्त दुसरी कोणी मला मागे टाकताना.

शनिवारी साडेपाचला निघालो. बाबा सहासष्ट वर्षांचे. त्यांची सायकल लोखंडी, मागे कॅरिअर, त्यावर आईने दिलेली पिशवी. मी दुकानातून एक जुनी मागून आणली होती.

"टीमची नाही आणलीस या वेळी?" बाबांनी गेटपाशीच विचारलं.

"विमानात सामान जास्त झालं," मी म्हटलं.

एलबीएस रोड त्या वेळेला बरा असतो. कांजूरमार्गला गांधीनगर जंक्शनच्या अलीकडे सायकलवर इडलीचा डबा लावलेले एक अण्णा भेटले. गरम इडली, पातळ चटणी, प्लास्टिकच्या बशीत. अण्णांनी आमच्याकडे नीट बघून घेतलं.

"किधर तक?"

"मनोरी," बाबा.

"काम के वास्ते?"

"घूमने."

अण्णा हसले. त्यांच्या डब्याचं वजन माझ्या शर्यतीच्या दोन सायकलींपेक्षा जास्त असणार, आणि तो घेऊन ते रोज पहाटे चार वाजता निघतात. मी आणखी दोन इडल्या घेतल्या.

पवईचा चढ बाबांनी उतरून चढला. मीही उतरले. जोगेश्वरीपर्यंत ऊन चढायला लागलं होतं. निघणार असाल तर आठच्या आत अंधेरी पार करा. त्यानंतर बस, रिक्षा आणि मेट्रोच्या खांबांमधून सायकल काढणं म्हणजे वाट लागते. वर्सोव्याला जेटीवर पोचलो तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहरा झकास होता.

वर्सोवा ते मढ फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे नेते. माणसाचं तिकीट वेगळं, सायकलचं वेगळं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर तिकीटवाला सगळ्यांसमोर ऐकवतो. बोटीत शेजारी एक कोळीणबाई रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बाबांनी त्यांना न विचारताच सांगून टाकलं, "माझी मुलगी. परदेशात सायकलच्या रेस खेळते. ऑक्टोबरला परत जायचीय."

"एकटीच जाते?" बाईंनी मला विचारलं.

"एकटीच."

"मग जेवण कोण करतंय?"

नऊ वर्षांत कुठल्या पत्रकाराने विचारलं नसेल एवढं नेमकं. "मीच," मी म्हटलं. "बहुतेक वेळा अंडी."

मढला एका बंगल्यापुढे शूटिंग चालू होतं. वॉचमनने शॉट संपेपर्यंत दहा मिनिटं थांबवलं. बाबा खूश, फुकटची विश्रांती. पुढे अक्सावरून मार्वेपर्यंत रस्ता कधी सावलीतून, कधी उघड्यावरून जातो. मी मुद्दाम मागे राहिले. बाबा पुढे असले की त्यांच्याशी बोलावं लागत नव्हतं.

मार्वेहून दुसरी बोट, की मनोरी. गावात एका घराच्या मागच्या अंगणात दोन खोल्या भाड्याने देतात, तिथे उतरलो. साध्या खोल्या, पंखा, स्वच्छ न्हाणीघर. जेवायला बोंबील, तिसऱ्या (शिंपल्या), तांदळाची भाकरी. जेवण आधी फोनवर सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर डाळभात मिळेल. दुपारी मी मेल्यासारखी झोपले.

पाचच्या सुमारास समुद्रावर गेलो. ओहोटी होती. बाबांनी मला सायकल बरोबर घ्यायला लावली.

"ते उचलून धावणं एकदा करून दाखव ना. मी फोनवरच बघितलंय. एवढंसं दिसतं त्यात."

मला कंटाळा आला होता, पाठ दुखत होती. तरी केलं. मऊ वाळू येईपर्यंत वेग घेतला, चालत्या सायकलवरून उतरले, हात खालून घालून सायकल खांद्यावर घेतली आणि धावले. चाळीसेक पावलं. शरीराला सगळं पाठ होतं, पण आत काहीच हललं नाही. शिळं काम उरकावं तसं वाटलं. मी थांबले, सायकल वाळूत आडवी ठेवली. मागून बाबांच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

ते जवळ आले तेव्हा मी सांगून टाकलं. "बाबा, मी नाही जाणार आता. तिथून निघायच्या आधीच टीमला कळवलं. सायकली तिथेच परत केल्या."

बाबांचे हात तसेच राहिले. "म्हणजे ती फेब्रुवारीतली रेस शेवटची?"

"हो."

"ती मी जेवता जेवता बघितली," ते म्हणाले. "मधे सुलभाआतेचा फोन आला, तो घेतला. परत बघतो तर संपलेली. मला वाटलं, पुढच्या वर्षी बघू." मग आवाज एकदम चढला. एरवी घरात मुंबईचं मराठी बोलणारे बाबा रागावले की थेट मालवणात पोचतात. "माका सांगूक काय झाला हुता?"

"मला तरी त्या सकाळी कुठे माहीत होतं?"

"आणि नंतर? गेला महिनाभर? मी बोटीत त्या बाईला सांगतोय, तू बाजूला गप्प!"

बाबा थांबले नाहीत. ते पाण्याच्या कडेकडेने गोराईच्या दिशेला चालत गेले, लहान लहान होत गेले. मी वाळूत बसून राहिले. सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, आता काय करणार, आणि ते मलाच माहीत नव्हतं. हे कारण.

रात्री जेवायला बसलो. बोंबलाचा काटा बाजूला काढत बाबा म्हणाले, "सांग. पहिल्यापासून. त्या दिवशी काय झालं?"

मग मी सांगितलं. रात्रभर पाऊस झाला होता, चिखल गव्हाच्या लापशीसारखा. मी शेवटच्या रांगेत उभी होते. पहिल्याच वळणावर दोघी पडल्या, त्यांच्या बाजूने मी पुढे गेले. दुसऱ्या फेरीत आणखी एकीला गाठलं.

"तिला मागे टाकलंस?"

"टाकलं. मग पायऱ्यांवर तिने मला टाकलं."

"अरेरे. मग?"

"तिसरी फेरी संपता संपता शिट्टी. जी फार मागे पडते तिला बाहेर काढतात, पुढच्यांच्या आड येऊ नये म्हणून. मला काढलं. गाडीत जाऊन बसले. बोटं एवढी गारठली होती की बूट निघेनात. अर्धा तास तशीच बसले. दर वेळी चिडायची, रडायची, पुढच्या रविवारचा विचार करायची. त्या दिवशी काहीच झालं नाही. फक्त बूट कोणीतरी काढावेत असं वाटत होतं."

बाबांनी ताटातला हात थांबवला. "मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसात हार घातला, नारळ दिला, साहेब चार शब्द बोलले. तुला कोणी काही म्हटलं?"

"एकाने गाडीच्या काचेवर टकटक केलं. गाडी मागे घ्या म्हणाला, त्याची अडकली होती."

बाबा हसले नाहीत. "फोन उचलायला नको होता मी," एवढंच म्हणाले. आणि माझ्या ताटात त्यांचा मोठा बोंबील ठेवला.

रविवारी मनोरीहून गोराईपर्यंत सायकल, तिथून तिसरी बोट, की बोरिवली. योजना अशी होती की पुढे आरेतून सावलीसावलीने पवई आणि घर. पण बोरिवलीच्या जेटीवर बाबा सायकलवरून उतरले ते गुडघा धरूनच.

"टेम्पो कर, गो. माझ्यात नाय आता."

"चालेल ना तुम्हाला? अर्ध्यात सोडायचं?"

"कोण बघतोय?" बाबा म्हणाले.

तुम्हीही लाजू नका. बोरिवलीला छोटे टेम्पो मिळतात, भाव आधी ठरवा. आम्ही दोघं मागे, सायकलींच्या मधे बसलो. हायवेवर गरम वारा तोंडावर येत होता. गोरेगाव यायच्या आत बाबा माझ्या खांद्याला टेकून झोपले, आणि मग मीही.

तीन बोटी एका सहलीत होतात, हे या मार्गाचं कौतुक. थंडीत जा, मार्चमध्ये नको. आणि घरी आल्यावर खारी वाळू लगेच धुवा, नाहीतर आठवड्यात गंज धरतो.

ते धुणं मी करणार होते. नऊ हिवाळे माझी सायकल मीच धुतली आहे, बर्फासारख्या पाण्याने. पण बाबा लंगडत जाऊन बिल्डिंगच्या नळाखाली बादली भरून बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर.

"तू बस तिथे पायरीवर."

बसले. त्यांनी कपड्यांची साबण पावडर घेतली होती, ती घ्यायची नसते. चेनवरचं सगळं तेल त्यांनी जुन्या बनियनने पुसून काढलं, तेही करायचं नसतं. आई वरून दोघांचा चहा घेऊन आली. मी चहा घेत बघत राहिले. पाणी पायरीपर्यंत वाहत आलं, मी पाय वर घेतले नाहीत.

"आता काय करणार तू?" त्यांनी चाक फिरवत, मान वर न करता विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसरी सायकल जवळ ओढली.