किल्लीवरचं टोपण

नाशिकच्या एका शेठची गाडी पुंजारामनं बारा वर्षं चालवली. नव्या गाडीची रिमोटची किल्ली खिशात दाबली गेली की दारं उघडतात, हे बघून त्यानं औषधाच्या बाटलीचं टोपण सायकलच्या ट्यूबनं बटणावर बांधलं.

चांदवडच्या लग्नात शेठनी ते उपटून फेकलं. "चारचौघांत अब्रू घालवतोस काय माझी!" किल्ली स्वतःच्या खिशात घालून ते पंगतीत मांडी ठोकून बसले आणि पुंजारामला वाढायला लावलं. मांडीत बटण दाबलं गेलं. बाहेर उघड्या गाडीतून आहेरासाठी आणलेले दागिने चोरीला गेले, आणि नोकरी पुंजारामची गेली.

वर्षभरानं पेट्रोलपंपावर त्याला शेठचा नवा ड्रायव्हर भेटला. त्याच्या किल्लीवर तसंच टोपण, तशीच ट्यूब.

"शेठची आयडिया हाय, काका," तो कौतुकानं म्हणाला. "लय डोकं चालतं त्यांचं!"